चिकटपट्टी सिस्टर

“तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. चूक माझी होती.”

आई खाटेचा कठडा धरून उभी होती. खाटेवर तिची दोन वर्षांची पोर होती. तोंडातून घशात गेलेली नळी आणि नळीच्या टोकाला श्वास देणारं यंत्र.

सिस्टरला अख्खा वॉर्ड ‘चिकटपट्टी’ म्हणायचा. नळी गालाला चिकटवावी तर तिनंच! सव्वीस वर्षांत तिची पट्टी कधी सुटली म्हणून नाही. आणि गेल्या सोमवारी लाळेनं भिजलेली पट्टी दिसूनही तिनं बदलली नाही. पोरीचा नुकताच कुठे डोळा लागला होता. ‘झोपू दे बापडीला अर्धा तास,’ म्हणून ती वळली, तेवढ्यात पोरीनं नळी उपसली. ती घाईघाईनं पुन्हा घातली, घसा आतून सुजला, आणि यंत्र आणखी पाच दिवस मानगुटीवर बसलं. हे सगळं तिनं आईला सांगून टाकलं.

“आज नळी काढायचीय. सूज उतरली नसेल, तर परत घालावी लागेल. दुसरी सिस्टर हवी असेल तर सांगा, मला राग नाही यायचा.”

आईनं डोळे पुसले. राग आला होताच. “पाच दिवस बघतेय, दर तासाला पट्टी चाचपता तुम्ही. तुम्हीच काढा. पण आज माया बाजूला ठेवा.”

डॉक्टर आले. सिस्टरनं तेल लावून पट्टी सोडवली. डॉक्टरांनी मान हलवली, नळी बाहेर आली. पोरीनं रडायला एवढा मोठा आ केला, आणि आवाजच नाही!

“अहो, आवाज का येत नाही?”

सिस्टरनं पोरीच्या गळ्याशी कान नेला. “श्वास येतोय. घसा बसलाय नुसता. भांडायला लागली की कळेलच.”

दोन तास ती तिथून हलली नाही. चहा गार झाला, जेवण राहिलं. पोरीचा श्वास काही अडकला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, “आता नाही लागणार नळी.” तेव्हा कुठे सिस्टर कापूस घेऊन गालावरचा चिकटा पुसायला वाकली. पोरीनं तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

“नको!”

घोगरा, फाटका, पण तिचा स्वतःचा आवाज. आई रडता रडता हसली.

“बरं बाई, नको तर नको,” सिस्टर म्हणाली. नाक ओढत तिनं कापूस टाकून दिला. गालावरचा चिकट्याचा काळपट चौकोन त्या दिवशी तसाच राहिला.