मास्तरांच्या लेकीचं डालगं

मी डालगं बोलतोय. व्याकरणाने मी 'ते' आहे, हे मला ठाऊक आहे. माझं निम्मं आयुष्य एका मास्तरांच्या घरी गेलंय. पण 'मी डालगं बोलतंय' असं म्हटलं की पोरं हसतात, म्हणून आपलं बोलतोय म्हणायचं.

ज्यांनी कधी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. डालगं म्हणजे बांबूच्या कांबट्यांचं मोठं खोल टोपलं. दिवस मावळला की अंगणात ते पालथं घालायचं, खाली कोंबड्या झाकायच्या आणि वर एक दगड ठेवायचा. आमचं सारं आयुष्य असं पालथं जातं, म्हणून आमचं बूड सपाट करायची तसदी कुणी घेत नाही. माझंही गोलच राहिलं. मला उताणं ठेवलं की मी डुगडुगतो. बाजारात दोन बायकांनी मला तेवढ्यासाठी नापसंत केलं होतं.

मला विणलं नेवाशाला, भिमाजी बुरूड आणि त्याची बायको मुक्ताबाई यांनी. भिमाजी कांबट्या काढायचा आणि मुक्ताबाई विणायची. विणता विणता ती शेजारणीशी अखंड बोलायची. माझ्या विणीत निम्म्या नेवाशाच्या भानगडी गुंफलेल्या आहेत. पण मी त्यातली एकही कधी बाहेर काढली नाही.

ते लढाईचे दिवस होते. नगरच्या रस्त्याने लष्करी मोटारी धूळ उडवत जायच्या, कापड कंट्रोलवर होतं, रॉकेल मिळायचं तर मिळायचं. बांबूला मात्र कुणी कंट्रोल लावला नव्हता. बाजारच्या दिवशी मरियाबाईंनी मला उचललं, सरळ आपल्या डोक्यावर पालथं घातलं आणि आत उभ्या राहून उजेड कुठून कुठून येतो ते पाहिलं. मांजराचा पंजा शिरेल एवढी फट त्यांना नको होती. ती नाही अशी खात्री पटल्यावर त्या मला तसंच डोक्यावर घालून गावाकडे चालू लागल्या. गाव नेवाशापासून तीन कोसांवर. वाटेत भेटलेल्या माणसांशी त्या माझ्या आतूनच बोलल्या.

घरात माणसं तीन. मरियाबाई, त्यांचा मुलगा एलिया आणि सून दया. एलिया मिशनच्या शाळेत मास्तर होते. कोट, धोतर, काळी टोपी आणि बोलणं मोजकं. दया कोल्हारची. ती मास्तरांपेक्षाही कमी बोलायची. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सुरुवातीला लोक विचारायचे, मग उपाय सांगायचे, आणि पुढे पुढे नुसते बघायचे.

आणि एका पावसाळ्यात दयाला दिवस गेले.

तेव्हापासून त्या घरात एकच विषय सुरू झाला. बाळ निजणार कुठं? बाळ यायला अजून सहा महिने होते, तरी त्याच्या अंथरुणावरून मायलेकांची रोज जुंपायची. मास्तरांनी कुठंसं वाचलं होतं की मूल पहिल्या दिवसापासून वेगळं निजवावं, खिडकीजवळ, मोकळ्या हवेत. त्यांनी सूर्यभान सुताराला बाभळीचा पाळणा सांगितला. मरियाबाईंना पाळणा म्हणजे निव्वळ थाट वाटायचा. त्यांची सगळी पोरं आढ्याला टांगलेल्या झोळीत वाढली होती. त्यांनी झोळीसाठी आपलं मऊ झालेलं जुनं लुगडं धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं. दोघं एकमेकांना पटवायचे आणि मधूनच दयाकडे बघायचे. ती भाकरी थापत हसायची. तिला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

मी हे सगळं ओसरीवरून ऐकायचो. थंडी पडू लागली तेव्हा माझ्याखाली कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसली. मला वाटायचं, माणसांचं किती अवघड असतं. कवडीने जागा ठरवायला अर्धी घटकाही घेतली नव्हती.

संक्रांत झाली की दयाने बाळंतपणाला कोल्हारला जायचं ठरलं होतं. पण संक्रांतीच्या आधीच एका सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. रतनबाई सुईण धावत आली. दुपारच्या आत मुलगी झाली, दीड महिना आधी, ऐन थंडीत.

रडली, पण मांजराच्या पिलासारखी. रतनबाईने तिला पुसून मरियाबाईंच्या हातात दिलं. पोर तळहातापेक्षा थोडी मोठी. तिचे पाय गार पडत होते. दूध ओढायचा तिला जोर नव्हता.

सूर्यभानचा पाळणा तयारच होता. चार कोपऱ्यांवर चार पोपट, हिरवे रंगवलेले. मास्तरांनी तो आत आणून लेकीला त्यात ठेवलं. परातीत लिंबू ठेवावं तशी ती दिसली. चारी बाजूंनी फटी, फटींतून वारा. घटकाभरात तिचे ओठ थरथरायला लागले. मास्तरांनी स्वतःच तिला उचललं आणि खिडकी लावून घेतली.

मग झोळी बांधली. झोळीत ऊब होती, पण अंग इतकं कोवळं की ती त्यात दुमडून गेली. हनुवटी छातीला टेकली आणि श्वासाला घरघर लागली. घरात बाकी कुणाला ती ऐकू आली नाही. दयाला आली. ती बाळंतिणीच्या बाजेवरून उठली, भिंतीला धरत गेली आणि पोरीला बाहेर काढलं. मरियाबाईंनी झोळी मुकाट्याने सोडली.

राहिली आईची कूस. पण बाज अरुंद, आणि दयाच्या अंगात ताप. रतनबाईने बजावलं की ग्लानीत पोर अंगाखाली गेलं तर कळणारसुद्धा नाही. म्हणून दया बसून राहिली. भिंतीला पाठ लावून, पोरीला पदरात धरून. पड म्हटलं तर पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मान कलली, हात सैल झाला आणि पोर मांडीवरून बाजेच्या कडेकडे घसरली. मरियाबाई दूध घेऊन येत होत्या. हातातली वाटी टाकून त्यांनी पोरीला झेललं.

मास्तर दारात उभे होते. मरियाबाई जमिनीवर बसून प्रार्थना करत होत्या. बाहेर ओसरीवर उन्हाची तिरीप आली होती, आणि माझ्याखाली कवडीची पिलं नुकतीच फुटली होती. मरियाबाई सकाळी कण्या टाकायला आल्या तेव्हा मला थोडं कलतं करून गेल्या होत्या. बाजेवरून दयाला नेमकं तेवढंच दिसत होतं. माझी कड, आत कवडी, आणि तिच्या पंखांतून बाहेर आलेली बारकी डोकी. दया बराच वेळ बघत राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ते डालगं मला द्या."

"कशाला गं?"

"हिला निजवायला."

मरियाबाईंना वाटलं ताप डोक्यात गेला. मास्तर जवळ येऊन हळू आवाजात समजावू लागले, की असं कसं करता येईल, कोंबड्यांचं डालगं ते, आणि लोक काय म्हणतील. दयाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"नऊ वरसं लोकांनी लई म्हनलं," ती म्हणाली. "त्यात हे एक घालू. पन माझं पोर आज त्यातच निजंल."

त्या घरात दयाला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मास्तरांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण ते बाजूला सरले.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. मरियाबाईंनी मला उचललं तेव्हा कवडीने त्यांच्या मनगटाला चोच मारली. मला कडुनिंबाच्या पाल्यासकट उकळत्या पाण्याने धुतलं, काथ्याने घासलं, पुन्हा धुतलं आणि भर उन्हात उताणं ठेवलं. माझ्या पोटात तोवर कधी ऊन पडलं नव्हतं. आत काय घालायचं यावर वाद होणार असं मला वाटलं, पण झाला नाही. मास्तर आत गेले, आपली उशी घेऊन आले आणि तिची शिवण उसवून सगळा कापूस त्यांनी माझ्यात पसरला. त्यावर मरियाबाईंनी झोळीचं लुगडं फाडून अंथरलं. फाडताना त्यांचा चेहरा मला दिसला. तो मी सांगत नाही. बाहेरून घोंगडी गुंडाळली. वाळू तापवून तिच्या पुरचुंड्या चिंध्यांत बांधल्या, आणि दयाने प्रत्येक पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहिली, मगच पायथ्याशी ठेवू दिली.

मला बाजेला लागून दयाच्या कुशीशी ठेवलं, आणि ती पोर माझ्यात आली.

काय सांगू! कवडी तिच्यापेक्षा जड. अंगणातली कोवळी तलंग, जिने अजून एक अंडंही दिलं नव्हतं, तीसुद्धा जड. दया आडवी झाली, एक हात माझ्या आत ठेवला आणि एका बोटाने माझी कड जराशी दाबली. मी डुललो. माझं ते नापसंत बूड! पुढं ढकलायचं कारण नाही, दोरी ओढायचं कारण नाही, बोट लावलं की पुरे. थोड्या वेळाने दोघी मायलेकी झोपल्या, आणि मरियाबाई सांडलेलं दूध पुसायला बसल्या.

संध्याकाळी रतनबाईने पोरीच्या पायांना हात लावला. पाय ऊन होते. तिने करंगळी पोरीच्या तोंडात दिली, क्षणभर थांबली आणि मरियाबाईंकडे पाहून म्हणाली, "वढती हाय."

पुढचे काही आठवडे सगळं सोपं होतं असं नाही. एखादा दिवस दूध बाहेर यायचं, एखादा दिवस अंग पुन्हा गार लागायचं, आणि सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे. पण पोर हळूहळू भरू लागली. एका सकाळी रतनबाई तिला न्हाऊ घालत असताना ती तलंग घरात शिरली, बाजेवर चढली आणि माझ्यात येऊन बसली. मऊ कापूस, ऊबदार लुगडं. बिचारीला दुसरं काय वाटणार? मरियाबाई पोरीला घेऊन आल्या तर पोरीच्या जागी अंडं, तलंगेचं पहिलंवहिलं. दया हसायला लागली. पोट धरून हसली. तिचं ते हसणं ऐकून मास्तर शेजारच्या शाळेची घंटा द्यायची सोडून घरात डोकावले. अंडं उकडून बाळंतिणीलाच दिलं.

पण गावात बोभाटा झाला होता. मास्तरांच्या लेकीला लोक 'मास्तरांची तलंग' म्हणू लागले. पाठीमागून कुणी कॉक कॉक करायचं. मास्तर घरी काही सांगत नसत; फक्त कुणी आलं की मला घोंगडीने जरा जास्तच झाकत. दया ती घोंगडी सरळ करायची.

मग बाप्तिस्म्याचा रविवार आला. मिशनचं देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडे, आणि वारा बोचरा. दयाला पोर घेऊन एवढं चालवत नव्हतं. मरियाबाई म्हणाल्या, शालीत गुंडाळून मी नेते. मास्तरांनी कोटाची बटणं लावली. टोपी काढून खिशात घातली, पंचाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि पोरीसकट मला उचलून चुंबळीवर घेतलं. घरातल्या दोन्ही बायका बघत राहिल्या.

आम्ही भर गावातून निघालो. पुढे मास्तर, त्यांच्या डोक्यावर मी, मागे दया आणि मरियाबाई. पारावर सहादेव बसला होता, बरीच शेती असलेला, तोंडाचा फटकळ माणूस. तो म्हणाला, "मास्तर, कोंबड्या बाजाराला काय?"

मास्तर थांबले. रस्त्यातच खाली बसले, मला जमिनीवर ठेवलं आणि घोंगडी बाजूला केली.

"लेक आहे," ते म्हणाले. "बघा."

सहादेव उठून आला. त्याची बायको भागूबाई दारातून आली. पारावरची सगळी माणसं वाकली. पोरीने नेमकी तेव्हाच जांभई दिली, आणि तो फटकळ माणूस वारा अडवायला पोरीच्या बाजूला सरकून उभा राहिला. भागूबाईने पोरीच्या गालाला बोट लावलं आणि घोंगडी नीट पांघरून दिली. त्या दिवशी पोरीचं नाव कृपा ठेवलं.

कृपा पाच-सहा महिन्यांची झाली तेव्हा मीच तिला अपुरा पडू लागलो. मग ती पोपटांच्या पाळण्यात गेली, आणि पाळणा पडून राहिला म्हणून रुसलेला सूर्यभान पुन्हा आमच्या घरी सुपारी खायला येऊ लागला. मी अंगणात परत जाईन असं मला वाटलं होतं. पण रतनबाई गावोगाव फिरणारी बाई. तिने माझी गोष्ट पसरवली. कुणाकडे अपुऱ्या दिवसांचं पोर झालं की माणूस मास्तरांच्या दारात यायचा. मी बरीच घरं पाहिली. सगळी सुखाची नव्हती. एका घरून मला लवकरच परत आणलं, आणि वाटेत आणणारा एक अक्षर बोलला नाही. डालग्याच्या हातात सगळं नसतं.

आता लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि मी सध्या सहादेवच्या घरी आहे. त्याच्या सुनेला, विजयमालाला, दिवस भरायच्या आधी मुलगा झाला. भागूबाई स्वतः मला मागायला आली. माझ्या कांबट्या काळ्या पडल्यात, एका बाजूला सुतळीने शिवलंय. अजून एखादं पोर सांभाळीन, मग चुलीत गेलो तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच. घरात बाळ यायचं असेल तर त्याच्या अंथरुणाची चर्चा खुशाल करा, पण आईला आधी विचारा.

काल मरियाबाई बाळाला बघायला आल्या होत्या, कृपाचं बोट धरून. ती आता चांगली दणकट झालीय, एका जागी ठरत नाही. तिने टाचा उंचावून माझ्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं की हे कुणाचं अंथरूण. मरियाबाई म्हणाल्या, "तुझंच हाय, बये. आपन ह्यास्नी वापरायला दिलंय."

कृपाने बाळाकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या त्याला," ती म्हणाली. "माझे पाय न्हाई मावायचे."

आणि ती कोंबड्यांच्या मागे अंगणात पळून गेली.