बांधातली बिळं

धाकटीनं उकळत्या पाण्याचं तिसरं पातेलं बांधावर ओतलं, तेव्हा ताई उतारावरून धावत येत होती.

"बघ, एकही ठेवली नाही," धाकटी फुशारकीनं म्हणाली.

ताईनं बुजलेली बिळं पाहिली आणि फावडं उचललं. पहिला तडाखा पातेल्यावर बसला, दुसरा धाकटीच्या खांद्यावर. ती कोलमडली, तशी ताईनं तिच्या झिंज्या धरून तोंड चिखलात दाबलं. दोघी पन्नाशीच्या सख्ख्या बहिणी, पण त्या क्षणी मधे पडायची कुणाची छाती झाली नसती.

"अगं, परवा तुझा डोळा टम्म सुजला होता! म्हणून तर मारल्या गांधीलमाश्या!"

"मला चावली ती छपराखालची होती, अक्कलशून्य बाई! ह्या गांधीलमाश्या नव्हेतच, मातीत राहणाऱ्या रानमधमाश्या आहेत. कुणाच्या वाटेला जात नाहीत."

धाकटीच्या ओठातून रक्त ठिबकत होतं. समोर जांभळी रानफुलं ऐन बहरात होती. त्यांचं बी राखण्यात ताईची बारा वर्षं गेली होती, आणि ही फुलं आता फक्त याच उतारावर उरली होती. फुलांत मध नावालाही नाही, त्यामुळे पेटीतल्या मधमाश्या तिकडे ढुंकून बघत नसत. बांधातल्या ह्या माश्या मात्र पुंकेसर जबड्यात धरून सगळं अंग थरथरवत, तेव्हा कुठे पराग झडत. त्या संपल्या की बी धरणंही संपलं.

"मध नाही, तर मरायला येतात कशाला?" धाकटीनं रडत विचारलं.

"पिल्लांसाठी. परागाचे गोळे करून बिळात ठेवतात. पिल्लं तेच खातात."

"पिल्लं आत होती?"

ताई बुजलेल्या बिळांपाशी जाऊन बसली.

तेवढ्यात उतारावरून एक माशी आली. पाय परागानं पिवळेधमक झालेले. पाणी पडलं तेव्हा ती फुलांवर असणार. बुजलेल्या बिळावर ती घिरट्या घालू लागली. मागून दुसरी आली, मग आणखी चार-पाच.

ताईच्या जिवात जीव आला. वरचा चिखल खरवडला तर खाली कोरडी माती होती. त्या पुन्हा बिळं करतील. तिनं घाईघाईनं फावडं उचललं.

धाकटीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि अंगाचं मुटकुळं केलं.

"नको ना ताई, मारू नकोस."

"तुला नाही गं," ताई म्हणाली.

धाकटीनं हात काढले नाहीत.