तळघरात न उतरणारी रेघ

सयाजीअण्णांच्या तोंडून खरं निघालंच तर ते झोपेत निघतं, असं त्यांची बायको सकवारबाई साऱ्या सर्जापूर रोडला सांगून होती. त्या बारा मजली सोसायटीचे नळ अण्णा अकरा वर्षं सांभाळत होते. एवढ्या काळात त्यांनी नुसत्या पान्याच्या एका पिळाने बेळ्ळंदूरचं तळं वीतभर उतरवलं होतं, आणि सातव्या मजल्याच्या शॉवरमधून पडलेला जिवंत मासा त्याच घरच्या बाईला विकला होता. लोक हसत आणि वर चहाही पाजत.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मात्र कुणाला हसू येत नव्हतं. सकवारबाई स्वयंपाकाचं दुसरं घर उरकून लिफ्टने तळघरात उतरली. लिफ्ट खाली टेकली, दार उघडायच्या आत छतातला एक पाइप सांध्यात फाटला आणि पाण्याचा लोट नेमका लिफ्टच्या तोंडावर कोसळला. सिक्युरिटीने घाबरून मेन स्विच पाडला. दार तसंच मिटलेलं. लिफ्टसमोरची जागा आठ पायऱ्या खाली, म्हणजे आयताच हौद. पहारीने दार हलेना, आणि दाराची चावी असलेला लिफ्टवाला कोरमंगल्याच्या गर्दीत अडकलेला.

"अहो, गुडघ्याला लागलं!" आतून सकवारबाई ओरडली.

"स्वल्प थांब गं! तिसरा व्हॉल्व्ह, दुसरं काही नाही!" अण्णा पायऱ्यांवरून ओरडले.

तिसरा व्हॉल्व्ह गच्चीवर. पुण्याहून आलेला निहार, आठव्या मजल्याचा भाडेकरू, बारा जिने चढून तिथं पोचला होता. व्हॉल्व्ह सहा, सगळे गंजलेले, एकेकाला सात मिनिटं. त्यांवरचे आकडे मागच्या महिन्यातल्या रंगकामात पिवळ्या रंगाखाली गेलेले. सोसायटीच्या सेक्रेटरी भार्गवीने फोन स्पीकरवर धरला होता.

"काका, तिसरा फुल टाइट केला," निहार धापा टाकत म्हणाला. "कमी झालं?"

लोट तसाच होता.

"मग पाचवा!" अण्णा म्हणाले. "पाचवाच! मला पहिल्यापासून वाटतच होतं."

"कमरेला आलं हो!" आतला आवाज आता चिरका झाला होता. त्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच अण्णांच्या काळजात रुतलं. चाळीस वर्षांत ही बाई टोमण्याशिवाय बोलली नव्हती.

"थांब निहार, हात लावू नकोस," भार्गवी म्हणाली. "काका, पाचवा का?"

"का म्हणजे? अकरा वर्षं..."

"तोंडाने नको. इथं काढून दाखवा." तिने विटेचा तुकडा त्यांच्या हातात कोंबला आणि नव्या पिवळ्या भिंतीकडे बोट केलं.

अण्णा चिडून भिंतीशी गेले. वर एक चौकोन काढला. "ही गच्चीवरची टाकी. ह्या सहा लायनी. पहिली बाराव्या-अकराव्याला, दुसरी दहाव्या-नवव्याला..." रेघा भराभर उतरल्या. पाचवी चौथ्या-तिसऱ्याला थांबली. सहावी दुसऱ्या-पहिल्याला.

तिथं हात अडला.

तोंडाने सांगताना मधली जागा उडी मारून ओलांडता येते. अण्णांनी तर बेळ्ळंदूरचं अख्खं तळं ओलांडलं होतं. विटेच्या तुकड्याला मात्र पाऊल न् पाऊल टेकत जावं लागतं, आणि पहिल्या मजल्याच्या खाली त्याला टेकायला जागाच नव्हती. सहाही रेघा वरच संपल्या होत्या. तळघरात एकही उतरत नव्हती.

"हे पाणी गच्चीवरचं नाहीच," भार्गवी हळूच म्हणाली. "मग कुठलं?"

अण्णांनी खाली दुसरा चौकोन काढला. "हा तळघरातला हौद. ह्यातलं पाणी मोटर वर चढवते."

"मोटर बंद आहे. हौदात कुठून येतं?"

वीट हौदापासून निघाली, छताछताने सरकली, लिफ्टच्या दाराची चौकट काढून तिच्यावरून गेली, मागच्या गेटाचे दोन खांब काढून तिथं पोचली. त्या रेघेच्या टोकाला आज पावणेदहाला त्यांनी स्वतः टँकरचा पाइप जोडला होता. "आलोच" असं ड्रायव्हरला सांगून ते पुढच्या गेटावर सिक्युरिटीला माशाची गोष्ट ऐकवत बसले होते.

त्यांनी वीट टाकली आणि धावत सुटले. चौसष्टाव्या वर्षी माणूस किती धावू शकतो ते उगाच फुगवून सांगत नाही, पण वाटेतली दोन कुत्री मागे पडली. मागच्या गेटाबाहेर टँकर शांतपणे रिकामा होत होता, आणि ड्रायव्हर कानात गाणी घालून केबिनमध्ये आडवा. अण्णांनी दोन्ही हातांनी टँकरचा कॉक पिळला. पाइप एकदा फुरफुरला आणि मऊ पडला.

परत आले तेव्हा लोट थांबला होता. छतावरून नुसते थेंब.

"सकवार?"

अण्णा दोन पायऱ्या पाण्यात उतरले.

"सकवार! अगं बोल की!"

"...छातीशी आहे," आवाज आला. "वाढत नाही आता."

अण्णा पायरीवर बसले ते पाण्यातच बसले.

वीस मिनिटांनी लिफ्टवाला आला आणि दार उघडलं. निथळत, थरथरत सकवारबाई बाहेर आली. टाळ्या झाल्या. "काकांनीच शोधून काढलं!" गच्चीवरून खाली आलेला निहार कुणाकुणाला सांगू लागला. अण्णांच्या जिभेवर तोवर तीन गोष्टी तयार होत्या. एकीत ड्रायव्हर दारू प्यालेला होता, दुसरीत माकड होतं.

सकवारबाईला अक्षर येत नव्हतं. ती भिंतीपाशी गेली. ओलं बोट चित्रातल्या लिफ्टवर टेकवलं, रेघेवरून सरकवत गेटापर्यंत नेलं.

"हिथं टँकर लागतो नव्हं? आज पाइप कुणी जोडला?"

ड्रायव्हरही सुचला, माकडही सुचलं. पण ती रेघ दोघांनाही आत घेईना.

"मीच," अण्णा म्हणाले.

टाळ्या बंद पडल्या.

"सरी, बरं मग," सकवारबाई म्हणाली, आणि लुगड्याच्या भिजल्या पदराचं टोक तिने त्यांच्या हातात दिलं. "धरा. आधी हे पिळा. उरलेलं घरी बघते."

अण्णा पिळू लागले.