बुटकी खुर्ची

सुतारानं रंधा फळीवर टेकवला आणि तसाच धरून राहिला. भिंतीपलीकडे बाळ रडायचं थांबलं होतं. त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. मग पुन्हा तोच टाहो, आधीपेक्षा वरच्या पट्टीतला, आणि त्यावर कडी करणारा सुताराच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा आवाज.

"अगं, उपाशी आहे ते! तुझं दूधच पातळ. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

सुनेचं उत्तर ऐकू आलं नाही. आक्कासमोर कुणाचंच उत्तर ऐकू येत नसे. सुतारानं रंधा ओढला. फळी कधीचीच गुळगुळीत झाली होती.

त्याचं काम घराच्या मागच्या लांबट खोलीत चाले. खोली आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं. बायको गेल्यापासून तो दाराच्या या बाजूलाच जास्त रमायचा, कारण लाकडाला विचारपूस करायची सवय नसते. नात जन्मली आणि आक्का "मदतीला" म्हणून पेटी घेऊन आली, तेव्हापासून तर तो जेवायला हाक आल्याशिवाय आत जातच नव्हता. सून पाजत असली तर काय घ्या? तो दारात खाकरायचा, मग परत खाकरायचा. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, खोकल्याचं औषध आणू का?"

सून शाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. उंच, काटक, हातात घेतलेलं न सोडणारी. बाळाला अंगावर पाजायचं हे तिनं आधीच ठरवलेलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पण ते इतकं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं. पाजायची वेळ आली की ती ओठ आवळून बसायची, आणि बाळही जणू आईचा राग आल्यासारखं मान फिरवून किंचाळायचं.

मंगळवारी दवाखान्यातल्या सिस्टर घरी येऊन गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. सुतार ऐकत नव्हता, पण कान काही खुंटीवर काढून ठेवता येत नाहीत.

"वजन छान वाढतंय," सिस्टर म्हणत होत्या. "दूध भरपूर आहे, ती काळजी सोडा. फक्त धरायचं नीट जमवायला हवं. पाठ टेका. खांदे खाली. बाळाला छातीकडे आणायचं, आपण बाळावर ओणवं व्हायचं नाही. अहो, पण तुम्ही या सोफ्यात बुडताय की!"

दाराच्या अलीकडे सुताराची मान ताठ झाली.

तो सोफा मुलानं पहिल्या बढतीनंतर हौसेनं आणला होता. फुगलेला, मऊ, रंगानं लोण्यासारखा. सुताराच्या घरात बाहेरचा सोफा, म्हणजे स्वयंपाक्याच्या घरी बाहेरून डबा. पण तो तेव्हा काही बोलला नव्हता. मुलाची हौस होती. आता पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मनातलं बोललं होतं, आणि तेही दवाखान्याच्या गणवेशात.

त्याच दिवशी जेवताना सून नवऱ्याला म्हणाली, "रविवारपर्यंत बघते. नाही जमलं तर पावडरच्या दुधाचा डबा आणू."

आवाज सरळ होता. डोळे मात्र पानातून वर आले नाहीत. मुलानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "तू म्हणशील तसं," म्हणाला. भला मुलगा. पण त्याच्या हाताला पाठीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"मी काय वेगळं सांगत होते?" आक्का म्हणाली.

सुतार पाणी प्यायला आणि उठला.

खुर्ची करायची हे ठरवायला त्याला वेळ लागला नाही. टेकायला सरळ पाठ, कोपराला हात, तळवे जमिनीला पुरतील अशी बैठक. लाकूडही होतं, कपाटाच्या कामातून उरलेलं. अडलं ते मापावर.

माणसाचं माप घ्यायला त्याला पट्टी लागत नसे. गिऱ्हाईक समोर एकदा बसलं, उठलं, की पुरे. गुडघ्यापासून टाच किती, कंबर कुठं टेकते, कोपर कुठं लोंबतं, सगळं त्याच्या हातात उतरायचं. हाताला आठवतं, असं तो म्हणायचा, आणि ती त्याची एकुलती एक बढाई होती. पण सुनेकडं असं निरखून बघायचं कसं? आणि बसलेली असताना तर नाहीच नाही, बसलेली असली की ती पाजतच असायची. विचारावं, तर काय विचारणार? "जरा गुडघ्याचं माप दे गं"? जीभ रेटेना.

मग त्यानं विचार सोडून दिला आणि हातावर सोपवलं. पाजणारी बाई बसली आहे असं मनात आणलं आणि करवत लावली. हात कुठंही अडखळला नाही. पायांची उंची, बैठकीची खोली, पाठीचा किंचित कल, सगळं एका दमात उतरत गेलं. खुर्चीच्या हातांच्या टोकांना त्यानं गोलाई दिली, बाळाचं डोकं लागलं तरी टोचू नये अशी. इतकं सोपं काम कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

शनिवारी तो खुर्ची घेऊन दारात उभा राहिला. खाकरला.

"या, बाबा," सून म्हणाली. बाळ नुकतंच झोपलं होतं.

त्यानं खुर्ची सोफ्याशेजारी ठेवली. फडक्यानं बैठक उगाच पुसली. सुनेनं खुर्चीवरून हात फिरवला, गोल टोकांपाशी बोटं थांबली.

"माझ्यासाठी?"

"बस. बघ."

ती बसली. आणि खाली गेली, अजून खाली गेली. गुडघे वर आले ते जवळजवळ छातीपर्यंत. व्हॉलीबॉलवाली बाई बालवाडीच्या खुर्चीत बसावी तशी ती दिसायला लागली.

आक्काच्या हातातला चहा सांडला. "अरे, ही कुणासाठी केलीस? बाहुलीसाठी?"

मुलगा आधी हसला, मग बापाचं तोंड पाहून थांबला. सूनही हसली, अगदी मनापासून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते नंतर थांबेना.

"छान आहे, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "खरंच. मीच फार उंच आहे."

"चुकलं," सुतार म्हणाला. आयुष्यात त्याची खुर्ची परत आली नव्हती. त्यानं ती उचलली, दाराच्या अलीकडे नेली आणि दार लोटून घेतलं.

लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. पायांना खालून तुकडे जोडावे लागले असते, आणि जोडलेल्या पायाची खुर्ची म्हणजे काठी घेतलेला तरुण. तो खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि बैठकीच्या कडेवर तळहात ठेवून बघत राहिला, की माप आलं कुठून?

मग त्याची नजर भिंतीकडं गेली. फळ्यांच्या चळतीला लागून एक जुनं बुटकं बाकडं होतं. लाकूड कापताना तो त्याच्यावर पाय द्यायचा. त्यानं खुर्ची उचलून बाकड्याशेजारी ठेवली. दोन्ही बैठका एका रेषेत आल्या, पाणी ओतलं असतं तर इकडून तिकडं गेलं असतं.

त्याची बायको ठेंगणी होती. मुलगा झाला तेव्हाही आक्का मदतीला आली होती, तेव्हाही दूध पातळ होतं. एका दुपारी बायको मुलाला घेऊन इथं आली, भुश्यातून वाट काढत त्या बाकड्यावर बसली, फळ्यांना पाठ टेकली आणि म्हणाली, "इथं बरंय. इथं कुणी काही शिकवत नाही." तो भिंतीकडं तोंड करून रंधा मारत राहिला होता. नंतर रोजच. तिच्याकडं त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं असं त्याला वाटत होतं. पाहिलं असणार. हाताला आठवत होतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. वाजलं म्हणजे पायानं ढकललं गेलं. सून उभी होती, एका हातात रडून लाल झालेलं बाळ, खांद्यावर दुपटं.

"बाबा, मी जरा इथं बसू? आक्का शेजारणींना घेऊन आल्यात. चौघी आहेत. चौघी चार उपाय सांगतायत."

त्यानं लगबगीनं झाडू घेतला. खुर्चीभोवतीचा भुसा लोटला. मग लक्षात येऊन म्हणाला, "थांब, तुला मोठी बघतो. ही नको, ही चुकलीय."

"राहू दे. हीच चालेल."

ती बसली, गुडघे वर घेऊन. सुतार भिंतीकडं वळला. टेबलावर एक फळी होती, जाड, बरी, कशाच्याही कामाला न ठरवलेली. त्यानं रंधा उचलला.

"बाबा."

"हं."

"मी डबा आणायचा ठरवला, तर तुम्हाला राग येईल?"

त्यानं रंधा एकदा पुढं नेला. लांब वेटोळी ढलपी निघाली आणि पायाशी पडली.

"राग कसला? बाटलीनं पाजतानासुद्धा बसावंच लागतं. खुर्ची काय पळून जातेय?"

 मागून, नाकातून हसल्यासारखा एक आवाज आला.

"सगळ्यांना वाटतं मी हट्ट करतेय."

"करतेस?"

"मला आवडेल, एवढंच. जमलं तर."

"मग बघ जमतंय का. नाही जमलं तर नाही. तू तिची कोण आहेस, ते ती काही डब्यावर वाचणार नाही."

तो इतकं कधी बोलत नसे. स्वतःचाच संकोच वाटून त्यानं रंधा जोरात ओढला. बाळ रडत होतं. सून हळू आवाजात स्वतःलाच सांगत होती, पाठ टेक, खांदे खाली. खुर्ची एकदा करकरली. बुटक्या बैठकीमुळं वर आलेल्या मांडीवर बाळ आपोआप उंचावलं होतं, तिला खाली ओणवं व्हावंच लागलं नाही. अर्थात हे त्याला दिसत नव्हतं. त्याला फक्त रडणं तुटताना ऐकू आलं. एकदा तुटलं, पुन्हा सुरू झालं. सुनेनं श्वास आत ओढला, बाळाला सोडवून घेतलं, परत धरलं.

मग रडणं थांबलं.

त्याचा रंधाही थांबला. त्या शांततेत एक बारीक आवाज होता, घट्ट बसलेल्या झाकणातून थेंब थेंब सुटावा तसा. घुटका. मग थांबून आणखी एक.

तो चटकन परत रंधा मारू लागला. इतक्या शांततेत तिला ओशाळल्यासारखं झालं असतं.

"कुठं गेली ही?" दार खाडकन उघडलं. आक्का. तिच्यामागं दोन-तीन डोकी डोकावत होती. "अगं, मी यांना मुद्दाम बोलावलं आणि तू इथं—"

सुतार हातात रंधा घेऊन दारात आडवा झाला. "आक्का, काम चाललंय. ढलप्या उडतात. डोळ्यात जाईल."

 आक्कानं भावाकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या रंध्याकडं पाहिलं. हेच वाक्य, याच दारात, याच माणसानं तिला ऐकवलं होतं. तेव्हा त्याचे केस काळे होते. त्याच्या खांद्यावरून तिची नजर बुटक्या खुर्चीकडं गेली आणि तिथंच जरा थांबली. रंध्यानं कुणाच्या डोळ्यात काही उडत नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

"चला गं," ती मागं वळून म्हणाली. "चहा निवतोय."

थोड्या वेळानं दार परत किलकिलं झालं. या खेपेला आवाज न करता. बांगड्यांचा हात आत आला, पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि निघून गेला.

"तिला दे," पलीकडून आक्काचा आवाज आला, नेहमीच्या अर्ध्याहून हळू. "पाजताना तहान लागते. मला लागायची."

सुतारानं तांब्या उचलला, पाठमोराच मागं सरकत गेला आणि हाताला लागेल असा खुर्चीशेजारी बाकड्यावर ठेवला.

संध्याकाळी मुलगा बायकोला शोधत तिथं आला. खुर्ची रिकामी होती. बाळ आत झोपलं होतं आणि बाळाची आईही. मुलानं टेबलावरची फळी उचलली. ती त्याच्या हातात वाकली.

"बाबा, ही चांगली जाड होती ना? पार पापुद्रा केलात की. आता कशाला उपयोगी पडणार ही?"

"पडली," सुतार म्हणाला.

त्यानं कोपऱ्यातून दुसरी फळी ओढून काढली, तीही जाड, आणि उद्यासाठी टेबलावर ठेवली.