नवरदेवाशिवायची हळद

मी एक जुना तांब्याचा टोप आहे, आणि माणसांवर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नाही. आता परेशचंच घ्या. आमचा घरमालक धर्मा, त्याचा हा चुलतभाऊ जमिनींची दलाली करतो. त्याने धर्माला मुलीच्या शिक्षणासाठी पाच लाख रुपये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्याला काय मिळणार होतं? धर्माची रस्त्याला लागून असलेली दोन गुंठे जागा, जिची आजची किंमत त्याच्या चौपट. शिवाय अडचणीत धावून आल्याचं नाव, ते फुकट. "भाविका माझी पण पोरगीच हाय," असं तो गहिवरून म्हणाला. मी तेव्हा माळ्यावर होतो. वरून माणसाचे डोळे कुठे फिरतात ते नीट दिसतं. त्याचे डोळे खिडकीबाहेर, रस्त्यावर होते.

मित्रांनो, मी काही जन्मापासून माळ्यावर नव्हतो. रेवदंड्याच्या खाडीकाठी धर्माच्या बापाची, कोंडाजीची, मिठागरं होती. एका चांगल्या हंगामानंतर त्याने तांबटाकडून मला घडवून घेतलं आणि काठावर आपलं नाव कोरून घेतलं. दोनशे माणसांचं मटण माझ्यात सहज शिजायचं. गावात कुणाचीही हळद असो, माझ्याशिवाय चूल पेटत नसे. हळदीच्या आदल्या दिवशी चार गडी मला बांबूला बांधून न्यायचे. कोंडाजीची बायको सोनूबाई भाडं घेत नसे. तिचा नियम एकच, टोप रिकामा परत करायचा नाही. मग कुणी नारळ, कुणी मूठभर तांदूळ, कुणी उरलेले वडे घालून मला घरी पोचवायचं.

एकदाच मी रिकामा परत आलो. धवलारीण बारकीबाई, जी गावच्या सगळ्या लग्नांत धवळे गाते, तिच्या मुलीची हळद होती. तिने मला ओट्यावर ठेवलं आणि मान खाली घालून ती निघून गेली. ते मी विसरलो नाही.

पुढे केटररचे अ‍ॅल्युमिनियमचे टोप आले. माझी कल्हई उडाली, ती पुन्हा कुणी लावली नाही. बिनकल्हईच्या तांब्यात शिजवलं तर अन्न कळकतं. म्हणून मी माळ्यावर गेलो, आणि माझ्यात पालीने घर केलं.

आता भाविका, धर्माची मुलगी. ती लहान असताना एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि त्यांच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं. त्या शेतात पुन्हा पीक आलं नाही. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बांधच बसले. इंजिनिअर झाली, आणि जिथे लोक समुद्र अडवून त्यामागे गाई चारतात, त्या देशातल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. आकडा ऐकून धर्मा ओट्यावर बसला तो उठेना. बँकेने घर तारण घेऊन मोठा वाटा दिला. धर्माने आपला डंपर विकला. तिच्या हळदीसाठी साठवलेलं होतं, तेही मोडलं. तरी पाच लाखांचं भोक उरलंच, आणि त्या भोकातून परेश आत आला.

सोनूबाईने त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला खाली काढायला लावलं. चिंच आणि राख घेऊन मला घासायला बसली, तेव्हाच मी ओळखलं की भंगारवाला येणार. मोडीत तांब्याला बरा भाव आहे हे मलाही ठाऊक होतं.

भंगारवाला आला नाही. आला मांडव. सोनूबाईने गावभर सांगून टाकलं, आमच्या भाविकाची हळद आहे, या. नवरदेव कोण, ते सांगितलं नाही. मग काय विचारता, पोरीने चोरून लग्न ठरवलं, मुलगा परजातीचा आहे, नाही नाही, गोरा आहे, अशा बातम्या उठल्या. हळदीला बोलावणी होती त्याहून जास्त माणसं आली. निम्मी जेवायला, निम्मी खात्री करून घ्यायला. जेवण केटररचं होतं. मी मांडवाच्या मध्ये मोकळा उभा होतो.

भाविका पिवळ्या साडीत पाटावर बसली. बारकीबाईने धवळा सुरू केला आणि मध्येच थांबली. धवळ्यात नवऱ्याचं नाव घालावं लागतं.

"नाव कुणाचं घालू गो?" तिने विचारलं.

"तिच्या शाळेचं घाल," सोनूबाई म्हणाली.

मांडवात आधी हसू, मग कुजबुज. सोनूबाई उठून माझ्या काठाला धरून उभी राहिली. "नवरा न्हाय हाय. पोर शिकाया चाललीय, पैसं कमी हायेत. लगीन व्हईल तवा व्हईल, पन हळद आज हाय. ज्याच्या ज्याच्या दारात यो टोप गेला, त्यानी आज तो रिकामा ठेवू नये."

भाविकाचा चेहरा हळदीखालूनही लाल झाला. "आजी, ही भीक आहे," ती हळूच म्हणाली.

"भीक न्हाय, पोरी. आपलं येनं हाय."

धर्मा खांबाला टेकून खाली बघत होता. पाच वर्षांत एकाही हळदीचं आमंत्रण त्याने चुकवलं नव्हतं आणि एकाही ठिकाणी हात आखडला नव्हता. ते मांडवातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी उठून जाईना. पहिलं पाकीट पडलं. मग रांग लागली. मी प्रत्येकाचा हात निरखत होतो. परेशने पाकीट टाकलं ते इतकं जाड, की मांडवात वाहवा झाली.

आणि बारकीबाई आली. तिने हात कोपरापर्यंत आत घातला आणि तो लवकर बाहेर काढेना. मी म्हटलं, झालं, ही उचलते आहे. पण ती काहीतरी तळाशी नीट ठेवत होती. पदराच्या गाठीत बांधलेले लग्नांच्या हंगामभराचे पैसे, आणि त्यावर एक नारळ. "मागल्या खेपेला राहिलं होतं," एवढंच ती सोनूबाईला म्हणाली. मुलीच्या हळदीनंतर तिच्या घरात तांदळाचा दाणा उरला नव्हता, हे सोनूबाईला तेव्हाच ठाऊक होतं. माझ्या काठावर कोरलेलं नाही, म्हणून मला ठाऊक नव्हतं.

माझ्यातलं सगळं ओतून झालं, तेव्हा परेशच्या जाड पाकिटातून दहा-दहाच्या नोटा निघाल्या. तरीही थोडे कमीच पडले. सोनूबाईने हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि भोक बुजलं. परेशला रस्त्यालगतची जागा आता रस्त्यावरूनच बघावी लागते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर एखादं जुनं भांडं असेल. ते मोडीत घालण्याआधी विचारा, ते कुणाकुणाच्या दारात जाऊन आलंय. आणि वर्षातून एकदा कल्हई लावा. आम्ही फुकट काम करतो, पण उघड्या तांब्याने नाही.

आता शेवटचा हिशेब. डंपर धर्माचा गेला. पाटल्या सोनूबाईच्या गेल्या. बाकी गावाने दिलं, त्यात सगळ्यात जड गाठ बारकीबाईची. परेशचं गेलं ते दहाच्या नोटांचं बंडल. आणि विमानाला जायच्या आधी, शिकवण्या घेऊन स्वतः कमावलेल्या पैशांतून भाविकाने मला चौलला नेऊन कल्हई लावून आणली. परदेशी चाललेली पोर जुन्या टोपावर खर्च करते, म्हणजे तिचा काहीतरी बेत असणार. परत येऊन या गावाला जेवण घालायचा, असा माझा दाट संशय आहे.