अहवाल कुणी पाहिला?

तिसा नदीकाठच्या त्या गावाला बोर्बालाबाईंनी अख्खी हयात भूगोल शिकवला होता. गावाबाहेर बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहत होता, आणि तो नदीचं किती पाणी घेणार हे कुणी सांगायला तयार नव्हतं. म्हणून बाईंनी रविवारी सांस्कृतिक भवनात सभा ठेवली. शुक्रवारी भवनाच्या व्यवस्थापकाचा फोन आला.

"बाई, हीटर बिघडलाय. सभा होणार नाही."

"अरे, मे महिना चालू आहे."

"वरून सांगितलं ते सांगतोय. मलाही घरदार आहे."

बाईंना धड चिडताही येईना. चिडायला समोर माणूस लागतो. इथे नुसतं 'वरून' होतं. सभा त्यांनी स्वतःच्या अंगणात घ्यायचं ठरवलं आणि मैत्रिणीला, पिरोश्काला, सांगायला गेल्या.

"खारे पोगाचा पाव भाजून देते हवे तितके," पिरोश्का म्हणाली, "पण ये म्हणू नकोस. पोरगा नगरपालिकेत आहे."

"कुणी काही बोललं का त्याला?"

"तेच तर. कुणी काहीच बोलत नाही. बोलले असते तर काय करायचं नाही ते तरी कळलं असतं."

रविवारी दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली माणसं जमली, बरीचशी मागच्या फाटकाने. नवं कुणी आलं की बोलण्याचा आवाज खाली यायचा. मग लेहेल आला. बाईंचाच विद्यार्थी, आता महापौरांच्या कचेरीत. हातात फोन घेऊन तो शेवटच्या खुर्चीवर बसला.

शेजारचे देझो बाईंच्या कानाशी लागले. "हाकला त्याला. उद्या सगळ्यांची नावं महापौरांच्या टेबलावर असतील."

बाईंच्याही मनात तेच आलं होतं. पण याला हाकललं, तर आपल्यात आणि त्या हीटरवाल्यात फरक काय राहिला?

"सभा सगळ्यांची म्हणून मीच सांगितलंय. बसू दे."

"मग मी कशाला बसू?" देझो उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं गेले. हाक मारावी असं बाईंना वाटलं, पण त्यांनी सभा सुरू केली.

सभा रंगेना. लोक पाण्याऐवजी हवापाण्यावर बोलत राहिले. शेवटी लेहेलच वर्गात उभा राहावा तसा उभा राहिला.

"कारखान्याच्या पाण्याचा अहवाल तयार आहे. काळजीचं कारण नाही."

"तू वाचलास?" बाईंनी विचारलं.

त्याने फोन खिशात ठेवला. "नाही, बाई. आम्हालाही दाखवलेला नाही."

बोलून तो खाली बसला, आणि लगेच निघूनही गेला. त्यानंतर मात्र लोकांची जीभ सुटली. नगरपरिषदेच्या बैठकीला सगळ्यांनी जाऊन अहवाल मागायचा, असं ठरलं.

त्याच आठवड्यात पिरोश्काच्या मुलाची बदली स्मशानभूमीच्या कचेरीत झाली. "बघा, तुमचा पाहुणा," एवढंच देझो बोलले, आणि पुढे त्यांनी बाईंशी अबोला धरला. पण पिरोश्का तर सभेला आलीच नव्हती. मग सांगितलं कुणी, आणि काय? बाई कुलूप लावून झोपू लागल्या. दुकानात ब्रेड घेतानाही मागे कोण उभं आहे ते पाहू लागल्या.

बैठकीच्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठरलं होतं त्याच्या निम्मीही माणसं नव्हती. पिरोश्का मात्र पर्स छातीशी धरून उभी होती.

"तू कशी गं?"

"न येता पोराची बदली झाली. आता आले म्हणून काय, परत करतील?" ती हसली.

सभागृहाच्या दारात लेहेल होता. जागा नाही म्हणून सांगायला याला उभं केलंय, असं बाईंना वाटलं. तो बाजूला सरला.

"पुढच्या रांगेत बसा, बाई. मागे नीट ऐकू येत नाही."

हा जिव्हाळा होता, की नजरेसमोर ठेवण्याची युक्ती, हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी पिरोश्काचा हात धरला, आणि दोघी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.