अकरा मिनिटांचा थांबा

गोबरवाहीला गाडी अकरा मिनिटं थांबते, असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. सात खेपा मी स्वतः घड्याळ लावून मोजलं होतं. सातही वेळा समोरून चिखल्याच्या खाणीची मालगाडी यायची होती म्हणून गाडी थांबवली होती, हे मात्र वहीत नव्हतं.

मी आंधळगावचा. कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि म्हातारपणी रेल्वेच्या नादी लागलो. लोक खेळण्यातली रेल्वे म्हणतात, त्याचा मला राग येतो. तुमसर रोड ते तिरोडी ही अख्खी लाईन मी सत्त्याऐंशी पट लहान करून मागच्या खोलीत बसवतोय, आणि अंदाजपंचे काही करत नाही. प्रत्येक स्टेशन, फाटक, पाण्याची टाकी आधी जाऊन मोजतो, मग सत्त्याऐंशीने भागतो.

त्या दिवशी गोबरवाहीचा मँगनीज चढवायचा जुना दगडी धक्का मोजायचा होता. गोदावरी, माझी बायको, सोबत होती. दोन वर्षांपासून तिला विसर पडतो. घर, गाव, फोन नंबर, सगळ्याचाच. एकटं ठेवता येत नाही, म्हणून सोबत नेतो. ऊन फार होतं, तेव्हा तिला उतरवलं नाही. खिडकीशी बसवलं, "आलोच" म्हटलं आणि टेप घेऊन उतरलो. धक्क्याची उंची मोजून झाली, रुंदी चालू होती, तेवढ्यात गाडी हलली. त्या दिवशी मालगाडी नव्हतीच. अडुसष्ट वर्षांचा माणूस पळून पळून किती पळणार.

स्टेशनमास्तर भला माणूस. पुढच्या स्टेशनला फोन लागेपर्यंत गाडी तिथून सुटली होती. तिरोडीच्या लोकांनी सगळे डबे पाहून फोनवर कळवलं. गोदावरी गाडीत नव्हती. म्हणजे मध्येच कुठेतरी उतरली होती.

"काकाजी, लुगडं कोणत्या रंगाचं हाय?" मास्तरने विचारलं.

मला सांगता येईना. डबा इंजिनापासून तिसरा, खिडकीचा दुसरा गज वाकलेला, हे मी सांगितलं. त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"डब्याचं नाही जी, बाईचं सांगा."

हिरवं असेल. नाही, हिरवं काल होतं. सकाळी पदराला पिन मीच लावून दिली होती.

लाईनचा एकेक स्लीपर मला पाठ. गोबरवाही सोडली की डाव्या हाताला बोडी, म्हणजे लहानसं तळं, मग झुडपी जंगल, मग खाणीचा पाणी भरलेला खड्डा. घरी त्या खड्ड्यातलं पाणी मी फेविकॉलचे सात थर देऊन केलंय. येणारे-जाणारे बोट लावून पाहतात आणि मी छाती फुगवतो. आता मी मास्तरला विचारत होतो, "किती खोल हाय जी तो?"

"मले काय माहीत," म्हणून तो फोनकडे वळला. तिला काही झालं तर घरच्या त्या सगळ्या पसाऱ्याला काडी लावीन, असं मी मनाशी म्हणत होतो. त्याने काय होणार, हेही कळत होतं.

"फोटो द्या. ग्रुपवर टाकतो. या लाइनीचे सारे फाटकवाले हायेत त्याच्यात."

फोन उघडला. चौदाशे फोटो. रूळ, सिग्नल, टाक्या, फाटकं. उंची कळावी म्हणून मी दर ठिकाणी फुटाफुटावर रंगवलेली काठी उभी करतो. ती काठी गोदावरी धरते, आणि दर वेळी मी ओरडतो, "बाजूले हो, काठीच दिसू दे." ती बाजूला होत गेली. कुठे तिचा हात आहे, कुठे कोपर, कुठे पदराचं टोक. तोंड एकातही नाही. पोराला फोन लावला, पण तो पुण्याला कारखान्यात, ड्युटीवर असताना फोन बंद.

"चेहरा एकबी नाही काय?"

"नाही," मी म्हणालो. शरमेने मान वर होईना.

मास्तरने एक फोटो बोटांनी मोठा केला. मनगटावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली तीन ठिपके. "हेच टाकतो," तो म्हणाला. माझ्या बायकोचा हात ग्रुपवर गेला, खाली माझा नंबर.

पाऊण तास काहीच आलं नाही. मी बाकावर बसून तिचा चेहरा आठवत होतो. लग्नातला आठवत होता, आजचा येईना.

मग फोन वाजला. पुढच्या एका फाटकावरून, फाटकवाल्याची बायको, कुंताबाई.

"काकाजी, एक बाई लाइनीलाइनीनं चालत आली. गोंदण तसंच दिसते. पाणी देल्लं तर बसत नाही जी. म्हणते, आमचा माणूस मागं राहून गेला, तो एकटाच हाय, त्याले घेऊन येतो."

"धरून ठेवा तिले," मी म्हणालो. "सोडू नका."

"मी फोटो पाठवून राहिली. त्याच हायेत काय पाहून घ्या."

फोटो आला. साडी जांभळी होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, गाल पार बसलेले. मास्तर वाकून पाहत होता.

"ह्याच काय?"

माझ्या फोनमधला तो तिचा पहिला फोटो. हो म्हणायला मला वेळ लागला. ती इतकी थकली कधी, ते मी पाहिलंच नव्हतं.